इंग्रजी येतं, पण पुरावा काय?

जोहान्सबर्गची एक शिक्षिका, जमैकातल्या किंग्स्टनचा एक अकाउंटंट आणि कोथरूडची एक इंजिनीअर, अशी तिघं परदेशात कामाला निघाली आहेत असं धरू. तिघांचं शिक्षण इंग्रजीतून झालंय, तिघांचं ऑफिसही इंग्रजीतच चालतं. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जायचं ठरवलं, तर तिथला नियम जोहान्सबर्गच्या बाईंना इंग्रजी भाषिक धरतो, जमैकाच्या माणसाला धरत नाही. ब्रिटनचा कामाचा व्हिसा मागितला की नेमकं उलट होतं. किंग्स्टनच्या माणसाकडे इंग्रजीचा पुरावा कुणी मागत नाही, जोहान्सबर्गच्या बाईंना मात्र तो द्यावा लागतो. कोथरूडची मुलगी दोन्ही याद्यांत नाही.

परदेशी जायच्या तयारीतल्या मुलांना मी सगळ्यात आधी हे सांगते, कारण पुण्यात या विषयाबद्दल फार मोठा गैरसमज आहे. ‘माझं सगळं शिक्षण इंग्रजी मीडियममधून झालंय, मला कशाला परीक्षा?’ असं म्हणत कितीतरी जण अर्ज भरायला बसतात आणि पहिल्याच पानावर अडकतात. काहींना तो अपमान वाटतो. वाटणं साहजिक आहे. पण ‘नेटिव्ह इंग्लिश स्पीकर’ हा शब्द भाषेच्या वर्गात एका अर्थाने वापरतात आणि व्हिसाच्या अर्जात दुसऱ्या. अर्जात तुम्ही किती चांगलं बोलता याला स्थान नसतं. तुमच्या हातात कोणता कागद आहे, एवढंच तिथे बघतात. आणि कोणता कागद चालेल, हे प्रत्येक देशाने आपल्यापुरतं ठरवलेलं असतं.

कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. ब्रिटनची यादी वेगळ्या तत्त्वावर आहे. ज्या देशात बहुसंख्य लोकांची पहिली भाषा इंग्रजी आहे, तो देश त्यांच्या यादीत. म्हणून तिथे जमैका आहे, बार्बाडोस, गयाना, त्रिनिदाद आहेत आणि दक्षिण आफ्रिका नाही. दक्षिण आफ्रिकेत घरात इंग्रजी बोलणारे दहा टक्क्यांहूनही कमी आहेत.

भारत यात कुठे बसतो? १९६३ च्या राजभाषा कायद्याने केंद्र सरकारच्या कारभारात हिंदीबरोबर इंग्रजी चालू राहिली. सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीतच चालतं. २०११ च्या जनगणनेनुसार पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे साधारण दहा टक्के भरतात. पण मातृभाषा इंग्रजी सांगणारे सगळ्या देशात अडीच लाखांच्या थोडेसे वर. त्यातलेही एक लाखाहून जास्त आपल्या महाराष्ट्रातले! तेव्हाच्या १२१ कोटींच्या देशात ‘बहुसंख्यांची पहिली भाषा’ ही कसोटी लावली, की एवढ्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. ब्रिटनचा नियम देश मोजतो, माणूस मोजत नाही. पुण्यात लष्कर भागात पिढ्यान्‌पिढ्या घरात इंग्रजीच बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांनाही हाच नियम लागतो आणि मला तो अन्यायाचाच वाटतो.

भाषाशास्त्रात यावर बराच विचार झालेला आहे. श्रीनगरमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर, म्हणजे जिथे इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि न्यायालयात, कॉलेजात, वर्तमानपत्रात कायमची राहिली. तिसऱ्या, पसरत्या वर्तुळात जपान, चीन, जर्मनीसारखे देश, जिथे ती परकी भाषा म्हणून शिकतात. काचरूंचा आग्रह असा होता, की बाहेरच्या वर्तुळातली इंग्रजी तिच्या स्वतःच्या नियमांनी चालते, तिला कच्ची किंवा चुकीची म्हणणं बरोबर नाही. युरोपात भाषेच्या पातळ्या मोजण्यासाठी २००१ पासून जी ‘ए१ ते सी२’ अशी सहा पायऱ्यांची चौकट वापरतात, तिच्या नव्या आवृत्तीतल्या वर्णनांतून ‘नेटिव्ह स्पीकर’ हा मापदंड काढून टाकलाय. व्हिसाचे नियम मात्र अजून पासपोर्टच्या रंगापाशीच आहेत.

चार प्रकारची दारं

माझ्या पाहण्यातल्या देशांचे नियम चार प्रकारांत मोडतात. काही देश पासपोर्ट बघतात, काही शिक्षण, काही परीक्षा, आणि काही हे सगळं नोकरी देणाऱ्यावर सोपवतात. आपण जिथे जाणार आहोत त्या देशाचं दार कोणतं, हे आधी कळलं तर वेळही वाचतो आणि पैसाही.

नोकरी देणाऱ्यावर सोपवणारे देश सगळ्यात सरळ. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाला इंग्रजीची परीक्षाच नाही. कंपनीने मुलाखत घेतली, तिचं समाधान झालं, भाषेचा विषय संपला. सिंगापूरच्या एम्प्लॉयमेंट पासचंही तसंच. हिंजवडीतून कंपनीमार्फत जाणाऱ्या बहुतेकांना इंग्रजीचा पुरावा हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो, तो यामुळे. म्हणून त्यांचा सल्ला ऐकून ब्रिटनचा किंवा कॅनडाचा अर्ज भरू नका.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठी ८ जानेवारी २०२६ पासून नव्या अर्जदाराला बी२ पातळीचं इंग्रजी लागतं. त्याआधी बी१ चालत होतं. कागदावर ही एक पायरी आहे, प्रत्यक्षात बराच फरक पडतो. बी१ वाला आपली गरज सांगू शकतो. बी२ वाल्याला एखाद्या मुद्द्यावर बाजू मांडता यावी, अडकत न अडकत का होईना पण सलग बोलता यावं, अशी अपेक्षा असते. भारतात शिकलेल्या माणसाला ही पातळी दोन प्रकारे सिद्ध करता येते. एक तर त्यांनी मान्य केलेली परीक्षा द्यायची. नाहीतर आपली पदवी इंग्रजीतून झाली, असं एक्टिस या ब्रिटिश संस्थेकडून प्रमाणित करून घ्यायचं. ही तीच संस्था जिला पूर्वी नारिक म्हणायचे. विद्यापीठाने दिलेलं ‘मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन’चं पत्र ब्रिटनमधली काही विद्यापीठं प्रवेशासाठी स्वीकारतात. ते पत्र घेऊन मुलं निर्धास्त होतात आणि कामाच्या व्हिसाला नुसतं ते पत्र पुरत नाही. एक्टिसकडे अर्ज करताना मात्र ते लागतं, म्हणून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून किंवा आपल्या कॉलेजातून ते आधीच काढून ठेवलेलं बरं.

परीक्षेच्या वाटेवर आणखी एक खड्डा आहे. आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दोन नावांनी मिळते: साधी आयल्ट्स आणि यूकेव्हीआयसाठीची, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्यासाठीची आयल्ट्स. प्रश्न सारखेच, मार्क देण्याची पद्धत सारखीच. तरी ब्रिटनच्या कामाच्या व्हिसाला फक्त दुसरी चालते. नाव नोंदवताना एका चौकोनात चूक झाली की सतरा-अठरा हजार रुपयांची परीक्षा व्हिसासाठी निरुपयोगी ठरते. डॉक्टर आणि नर्स यांचं थोडं निराळं आहे. तिथल्या व्यावसायिक नोंदणीसाठी त्यांनी आयल्ट्स किंवा ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा दिलेलीच असते, त्यामुळे व्हिसासाठी पुन्हा वेगळी परीक्षा लागत नाही.

कॅनडाची पद्धत मला सगळ्यांत न्याय्य वाटते. एक्सप्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या योजनेतून कायमचं जायचं असेल तर परीक्षा सगळ्यांना. लंडनमध्ये जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, पुण्यातला, सगळे एकाच खोलीत बसून तोच पेपर देतात. नियम एवढा सरळ असला की मनात खंत राहत नाही. शिवाय तिथे पास-नापासापेक्षा गुणांना महत्त्व आहे. स्किल्ड वर्कर गटाला सीएलबी या कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर किमान ७ लागतं, म्हणजे आयल्ट्सच्या चारही भागांत सहा. पण सीएलबी ९ गाठलं, म्हणजे ऐकण्यात आठ आणि बाकी तिन्हींत सात, तर शिक्षण आणि अनुभव यांचे जोडगुणही वाढतात आणि एकूण बेरीज एकदम वर जाते. नुसतं ‘पुरेसं’ इंग्रजी असलं की भागलं, म्हणून परीक्षा उरकून टाकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

ऑस्ट्रेलिया मधोमध आहे. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड, आयर्लंड या पाच देशांचा पासपोर्ट असेल तर ‘कॉम्पिटंट’ पातळी आपोआप धरली जाते. मात्र स्थलांतराच्या अर्जात त्या पातळीला गुण शून्य. दहा किंवा वीस गुण हवे असतील तर त्या पाच देशांच्या लोकांनाही परीक्षेला बसावं लागतं.

आणि जपान. शाळेत परकी भाषा शिकवण्यासाठी तिथे जो ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसा आहे, त्याची अट ऐकली की आपल्याकडच्या लोकांना आश्चर्य वाटतं. मातृभाषा कोणती, पासपोर्ट कुठला, हे तो नियम विचारत नाही. ज्या भाषेचं अध्यापन करणार, त्या भाषेतून तुमचं किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं, भाषेपुरती अट एवढीच. पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेली पुण्याची मुलगी या अटीत चपखल बसते. शिकवण्याची नोकरी मिळणं हा पुढचा भाग, पण कायद्याचं दार उघडं आहे.

इथे आपल्या महाराष्ट्राचा एक खास पेच येतो, तो म्हणजे सेमी-इंग्रजी. आठवीपासून, हल्ली कितीतरी शाळांत पहिलीपासून, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास-भूगोल मराठीतून. पुण्यातल्या जुन्या, नावाजलेल्या शाळांतली असंख्य मुलं अशी शिकली आहेत आणि त्यांचं इंग्रजी उत्तम आहे. पण ‘बारा वर्षं इंग्रजीतून’ या वाक्यात त्यांची वर्षं मोजायची कशी? शाळेच्या दाखल्यावर माध्यम ‘मराठी’ किंवा ‘सेमी-इंग्रजी’ असं लिहिलेलं असतं आणि परदेशातल्या कारकुनाला दुसरा शब्द कळतच नाही. अशा मुलांनी शाळेचा पुरावा मागणाऱ्या वाटेमागे न लागता परीक्षेची किंवा पदवीची वाट धरावी. पदवी जर इंग्रजीतून असेल, तर ब्रिटनसाठी शाळेचं माध्यम कोणी विचारत नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या आणि मग इंग्रजीतून इंजिनीअरिंग केलेल्या मुलांनाही हेच लागू होतं. त्यांनी घाबरायचं काहीच कारण नाही.

परीक्षेच्या खोलीत काय बघतात

आयल्ट्स १९८९ पासून घेतली जाते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकाला नऊपैकी गुण, अर्ध्या-अर्ध्या टप्प्यांनी. निकाल दोन वर्षं चालतो. शिक्षणासाठीची ‘अ‍ॅकॅडमिक’ आणि स्थलांतरासाठीची ‘जनरल ट्रेनिंग’ असे तिचे दोन प्रकार आहेत. ही माहिती कुठल्याही क्लासच्या पत्रकात असते, म्हणून तिच्यात फार वेळ घालवत नाही.

पत्रकात नसतं ते बोलण्याच्या भागाबद्दल. ही प्रत्यक्ष माणसाशी बोलून द्यायची अकरा ते चौदा मिनिटांची परीक्षा. मार्क चार गोष्टींना सारखे वाटलेले असतात: सलगता आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. उच्चारांत बघतात ते ऐकणाऱ्याला समजायला कष्ट पडतात का. ब्रिटिश किंवा अमेरिकन लहेजा हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि तरी ‘अ‍ॅक्सेंट ट्रेनिंग’च्या नावाखाली पुण्यात मुलांकडून हजारो रुपये घेतले जातात. ओठ वाकडे करून ‘र’ गिळायला शिकलेला मुलगा परीक्षेत आपल्या नैसर्गिक बोलण्यापेक्षा दुप्पट अडखळतो, मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मराठी माणसाची इंग्रजीची गाडी खरं तर चांगल्या जागेवरून सुटते. ‘जावई’ आणि ‘जहाज’ यांतला ज आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेला असतो, त्यामुळे ‘झीरो’ आणि ‘झू’ म्हणताना आपण अडत नाही. सराव लागतो तो दुसऱ्याच दोन ठिकाणी. पहिलं, आपल्याकडे ‘व’ एकच आहे. इंग्रजीत खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून एक उच्चार होतो आणि ओठ गोल करून दुसरा. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ वेगळे ऐकू आले पाहिजेत. दुसरं आहे आघाताचं. मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने बोलतात. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो. महिनाभर रोज अर्धा तास मोठ्याने वाचलं आणि फक्त या दोन गोष्टींकडे लक्ष दिलं, तर पुरेसं होतं.

हडपसरच्या एका हॉस्पिटलमध्ये काम करणारी एक नर्स माझ्याकडे सरावाला यायची. बोलण्याच्या दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, त्यावरच्या विषयाचा मिनिटभर विचार करायचा आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. विषय होता, तुम्ही पाहिलेली एखादी जागा. तिने ताजमहालावर सुरुवात केली. वाक्यं सुरेख, शब्द भारदस्त, आवाज एकसुरी. कोणत्या वर्षी गेली होतीस असं विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, गेले नाही कधी. क्लासमध्ये पाठ करून घेतलंय.’ परीक्षकाला हे पहिल्या तीन वाक्यांतच कळतं आणि पाठांतराला गुण मिळत नाहीत. मी म्हटलं, सिंहगडावर गेलीस का? मग ती इंग्रजीतूनच सांगायला लागली. पहाटेची बस, चढताना गुडघे दुखलेली सासू, वर मडक्यातलं दही, झुणका-भाकर, आणि पावसात ओल्या दगडावरून घसरलेला दीर. मध्ये एक-दोन क्रियापदं चुकली, एका जागी शब्द आठवेना तर तिने तो वळसा घालून सांगितला. हे वळसा घालून सांगणंच गुण मिळवून देतं. त्यानंतर मी तिला एकही परिच्छेद पाठ करू दिला नाही.

गुण जातात ते लिहिण्यात. आपल्या मुलांना ऐकण्या-बोलण्यात सात-साडेसात पडतात आणि लिहिण्यात सहा. तासाभरात दोन लेखन करायची असतात, दीडशे शब्दांचं आणि अडीचशे शब्दांचं, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. आपण शाळेत निबंध शिकलो तो सुविचाराने सुरू होणारा आणि अलंकारांनी नटलेला. इथे प्रश्नाला उत्तर हवं असतं. सहमत आहात का, का, उदाहरण काय, विरोधी बाजूचं काय. पत्र लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट’ या सरकारी सुरुवातीत तीस शब्द खर्च होतात आणि मुद्दा शेवटच्या ओळीत येतो. मुद्दा पहिल्या दोन ओळींत आणा, एवढ्यानेच फरक पडतो.

इंग्रजी शिकवायला परदेशी जायचं असेल तर

ही वाट आपल्याकडे फार कमी लोक धरतात, कारण जाहिरातीत ‘फक्त नेटिव्ह’ असं लिहिलेलं असतं. हे खरं आहे की कोरियाचा आणि चीनचा नियम पासपोर्टवर चालतो. पण भारत आणि कोरिया यांच्यात १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या व्यापार करारात, शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची सोय ठेवलेली आहे. जपानचं वर आलंच. इंग्लंडमध्ये २०२३ पासून भारतीय शिक्षकांना गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांसाठी तिथल्या शिक्षक दर्जाकरता थेट अर्ज करता येतो. इंग्रजी शिकवण्याचं प्रमाणपत्र घ्यायचं तर केंब्रिजचं सेल्टा घ्या. त्यात किमान १२० तासांचा अभ्यास आणि सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणं असतं. शनिवार-रविवारात ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त प्रमाणपत्राला बऱ्याच ठिकाणी किंमत नाही.

आपलाही नियम जाता जाता सांगते, म्हणजे चित्र पूर्ण होईल. एखादी इंग्रज बाई पुण्यात नोकरीला येणार असेल, तर भारताच्या एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी तिचा पगार साधारणपणे वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये असावा लागतो. परकी भाषा शिकवणाऱ्यांना या अटीतून सूट आहे, म्हणजे जपानी किंवा जर्मन शिकवायला येणाऱ्याला कमी पगार चालतो. इंग्रजी शिकवणाऱ्यांना मात्र ती सूट मुद्दाम दिलेली नाही. इंग्रजी शिकवणारे आपल्याकडे भरपूर आहेत, असं आपलं सरकार मानतं. ब्रिटनच्या यादीत आपण नसलो तरी आपल्याच नियमात आपल्या इंग्रजीवरचा हा विश्वास लिहिलेला आहे. मला त्याचं समाधान वाटतं.

इंग्रजीवर किती दिवस भागेल

जर्मनीचं ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा कामाचा परवाना, मिळवायला कायद्याने कोणत्याच भाषेची अट नाही. जून २०२४ पासून सुरू झालेल्या चान्सनकार्टसाठी, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधायच्या परवान्यासाठी, जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ यांपैकी एक चालतं. यावरून लोकांना वाटतं, इंग्रजीवर निभावेल. नोकरीपुरतं निभावतं. पण घर शोधताना, विजेचं बिल आल्यावर, मुलाच्या बालवाडीत, तापाने फणफणल्यावर डॉक्टरच्या फोनवर इंग्रजी पुरत नाही. आणि कायद्यातही त्याचा हिशेब आहे. ब्ल्यू कार्डवाल्याला कायमचा रहिवास २७ महिन्यांनी मिळतो, जर्मन ए१ असेल तर. तेच बी१ असेल तर २१ महिन्यांनी. सहा महिने आधी मोकळं व्हायचं असेल तर भाषा शिकणं हाच उपाय. नर्सना तर पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी२ जर्मन लागतं.

या बाबतीत पुण्यासारखं शहर नाही. बोट क्लब रोडचं मॅक्सम्युलर भवन, रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, अलियांस फ्रान्सेज, आणि जपानी शिकवणारे कितीतरी छोटे वर्ग आहेत. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये पुण्यातच देता येते. जपानच्या ‘स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर’ योजनेत, जी २०१९ मध्ये सुरू झाली, बहुतेक कामांना एन४ ही खालून दुसरी पायरी पुरते. इंग्रजी उत्तम असलेल्या मुलांना मी नेहमी हेच सांगते, की आयल्ट्समधला अर्धा गुण वाढवण्यासाठी तिसऱ्यांदा परीक्षा देण्याआधी त्याच पैशात दुसऱ्या एका भाषेची पहिली पायरी चढता येते का ते बघा. कॅनडाला चाललेल्यांचं गणित वेगळं, त्यांना तो अर्धा गुण खरंच लागतो. फ्रेंचचे गुणही तिथे मिळतात, हे त्यांनी लक्षात ठेवावं.

कागदांत एक गोष्ट सगळ्यात जास्त त्रास देते, ती म्हणजे आपलं नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि पदवी माहेरच्या नावाने असते. आयल्ट्सची नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करावी लागते. त्यामुळे पासपोर्ट, पदवी आणि परीक्षा यांत एकच माणूस तीन नावांनी दिसतो. लग्नाचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र पुढे केल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. राजपत्राला वेळ लागतो, म्हणून हे परीक्षेच्या आधी करून ठेवा. पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का, लागणार असेल तर आधी राज्याच्या पातळीवर पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, त्यामुळे करारातल्या देशांसाठी वकिलातीत वेगळी फेरी मारावी लागत नाही. पोलिसांचा चारित्र्य दाखला मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतो आणि तो ताजाच लागतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढा.

आता एजंट. ‘इंग्रजी बोलणारे हवेत, कॉल सेंटर, थायलंड, पगार डॉलरमध्ये’ अशा संदेशांना भुलून गेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात आणि कंबोडियात नेऊन डांबून ठेवलं गेलं आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून याबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. यात शिकलेली, चांगलं इंग्रजी बोलणारी मुलंच हेरली जातात. पर्यटक व्हिसावर ‘आधी या, वर्क परमिट तिथे करून देऊ’ असं कोणी म्हणालं, तर बोलणं तिथेच थांबवा. परदेशातल्या नोकरीसाठी इथे माणसं भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. नोंदणी झालेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. पैसे देण्याआधी त्या यादीत एजंटाचं नाव आणि परवाना क्रमांक शोधा, आणि परवाना चालू आहे की रद्द झालाय, हेही तिथेच दिसतं.